स्थौल्य : दोष रुग्णाचा की जनपदाचा?

स्थौल्याचा रुग्ण समोर बसला की आपणा बहुतेकांच्या तोंडून एक ठरलेले वाक्य बाहेर पडते : "तोंडावर ताबा ठेवा आणि रोज चालत जा." वाक्य चुकीचे नाही. प्रस्तुत लेखकाने ते गेली अनेक वर्षे शेकडो रुग्णांना ऐकवले आहे. परंतु ते ऐकून गेलेल्या रुग्णांपैकी किती जणांचे मेद खरोखर उतरले, याचा प्रामाणिक हिशेब मांडला तर मान खाली घालावी लागते. उपदेश बरोबर असूनही तो लागू का पडत नाही, हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारावयास लावला.

मुखेड तालुक्यातील एक सतरा वर्षांचा मुलगा. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी नांदेडला खोली घेऊन राहिलेला. वर्षभरात वजन दहा-अकरा किलोंनी वाढले, जिना चढताना धाप, अंगाला दुर्गंधी, दुपारी वर्गात पेंग. मी त्रिफळा गुग्गुळ लिहिला, खाली 'मिताहार, व्यायाम' असे लिहिले आणि तीन महिन्यांनी दाखवावयास सांगितले. तो आला तेव्हा वजन आणखी वाढले होते. मी थोडा रागावलो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मिताहार म्हणजे नेमकं काय सोडू? डबा खोलीवर सातला येतो, पण माझा क्लास नऊला सुटतो. सहाला गेटवर काही खाल्लं नाही तर तोवर डोकं चालत नाही. डबा सोडला तर आईनं भरलेले पैसे वाया जातात."

माझ्या चिठ्ठीवरील 'मिताहार' या शब्दाला त्या मुलाच्या दिवसात कोठेही जागा नव्हती. दोष त्याच्या जिभेचा होता काय? की त्याच्या दिवसाची आखणी ज्यांच्या हाती होती त्यांचा? या प्रश्नाचा विचार आपल्याच शास्त्राच्या आधारे करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

अष्टौनिन्दितीय अध्याय पुन्हा वाचताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध द्रव्यांचा उपयोग, अव्यायाम, अव्यवाय, दिवास्वप्न, हर्षनित्यत्व, अचिंतन आणि बीजस्वभाव ही अतिस्थौल्याची कारणे तेथे सांगितली आहेत. यांतील बहुतेक कारणे व्यक्तीच्या वर्तनाशी निगडित आहेत, हे खरे. म्हणूनच आपण सहजपणे रुग्णाकडे बोट दाखवतो.

परंतु त्याच अध्यायात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांकडे आपले दुर्लक्ष होते. पहिली, बीजस्वभाव. हे कारण रुग्णाने निवडलेले नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अतिक्षुधा आणि अतिपिपासा यांची गणना चरकाचार्यांनी अतिस्थूलाच्या आठ दोषांमध्ये केली आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने फिरतो, अग्नीला प्रदीप्त करतो, आहार लवकर पचतो आणि पुन्हा आहाराची आकांक्षा होते, अशी ती संप्राप्ती आहे. म्हणजे स्थूलाची भूक ही त्याच्या व्याधीचा भाग आहे. ज्वराच्या रुग्णाला "अंग तापू देऊ नका" असे आपण म्हणत नाही. स्थौल्याच्या रुग्णाला "भूक लागू देऊ नका" असे मात्र सहज म्हणतो. चिकित्सेत गुरु परंतु अपतर्पण करणाऱ्या आहाराचे तत्त्व सांगितले आहे, त्याचे कारणही हेच. भुकेला उत्तर द्यावयाचे, पण मेद वाढू द्यावयाचा नाही. असा आहार त्याला मिळतो कोठे, हा खरा प्रश्न आहे.

प्रज्ञापराध आणि जनपदोद्ध्वंस

धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश झाल्याने मनुष्य जे अहितकर कर्म करतो तो प्रज्ञापराध होय. व्यक्तीची जबाबदारी या एका शब्दात शास्त्राने पूर्णपणे मांडली आहे आणि तिला सवलत दिलेली नाही. हित-अहित समजत असताना अहिताचे सेवन करणारा दोषी आहेच.

तथापि विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, पांचाल देशातील कांपिल्य नगराजवळ गंगातीरी, अग्निवेश एक वेगळाच प्रश्न विचारतात. ज्यांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न आहेत, अशी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रस्त होतात? आत्रेयांचे उत्तर असे की प्रकृती भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान आहेत. ते बिघडले की जनपद बिघडते. ते का बिघडतात, याचे मूळ ते अधर्मात आणि पूर्वकृत असत्कर्मात दाखवतात, आणि या दोहोंचे उगमस्थान पुन्हा प्रज्ञापराध हेच सांगतात. येथे मात्र प्रथम उल्लेख येतो तो देश, नगर, निगम आणि जनपद यांच्या प्रमुखांचा. त्यांनी धर्म सोडला की त्यांचे आश्रित, नागरिक आणि व्यवहारावर उपजीविका करणारे तो अधर्म वाढवतात.

हा अध्याय मारक साथींविषयी आहे, स्थौल्याविषयी नाही, हे मान्य. पण अग्निवेशांचा प्रश्न आज स्थौल्याला तंतोतंत लागू पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा स्थूल होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के झाले. चार-पाच वर्षांत कोट्यवधी लोकांची धृती एकदम ढासळली, असे मानावयाचे काय? की समान भाव बिघडले, असे म्हणावयाचे? त्याच २०१९-२१ च्या पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या, हेही लक्षात घ्यावे. अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार चरकाने एकाच अध्यायात केला. आपल्या समाजातही ते एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात आढळतात.

बीजस्वभावाच्या बाबतीतही नवे संशोधन बोलके आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये मातांचा आणि अर्भकांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. स्नायू व अवयव लहान असूनही आपल्या बालकांच्या त्वचेखालील मेद मात्र तेवढ्या प्रमाणात कमी नव्हता. दिसावयास कृश, परंतु आतून मेदबहुल असे हे बालक पुढे मधुमेहाकडे झुकते. मातेच्या ताटात जे नव्हते त्याची किंमत अपत्य मोजते. कमी जेवून शेतात राबणाऱ्या आपल्या भागातील गर्भिणींचा विचार केला, तर 'व्यक्तीची जबाबदारी' हा शब्द कोठून सुरू करावयाचा, हा प्रश्न पडतो.

मराठवाड्याचे ताट

आता देश या भावाकडे वळू. एका पिढीपूर्वी नांदेड-लातूर भागातील घरात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, करडईचे तेल, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी हा नित्याचा आहार होता. चरकाने अतिस्थूलासाठी जी धान्ये सांगितली त्यांत यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ यांच्याबरोबर जूर्णाह्व आहे. त्याचा अर्थ सामान्यतः ज्वारी असा केला जातो. म्हणजे स्थौल्याचे पथ्य आपल्या चुलीवर रोज शिजत होते.

ते ताट कोणा एकाच्या जिभेने बदललेले नाही. १९९० नंतर खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कारण त्याला बाजार होता. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. ज्वारी पिकली की दाणा घरात आणि कडबा गोठ्यात जाई. सोयाबीन आडतीवर जाते आणि पैसे घेऊन शेतकरी किराणा दुकानात येतो. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाल्यानंतर स्वस्त तेल गावोगावी पोहोचले आणि तळण परवडू लागले. करडईचे क्षेत्र आक्रसले. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. तथापि आपल्या भागातील गरीब कुटुंबाच्या पिशवीत ज्वारी किती वेळा पडली, हे आपण जाणतो. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारी आणि करडईचे उत्तम वाण दिले. ते पिकवणाऱ्यास भाव आणि खाणाऱ्यास दुकान मिळाले तरच त्या कामाचा उपयोग.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. "घरात पुन्हा भाकरी सुरू करा" असे आपण सहज सांगतो. भाकरी थापावयाची कोणी? सकाळी शेतावर किंवा नोकरीवर जाणाऱ्या गृहिणीनेच. समाजाने केलेल्या बदलाची भरपाई एकट्या स्त्रीच्या मनगटावर टाकणे, हा न्याय नव्हे.

लातूरने दिलेले दोन धडे

लातूरने राज्याला दोन गोष्टी दिल्या. एक शिक्षणातील 'लातूर पॅटर्न'. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी तो नावारूपास आणला. पुढे लातूरबरोबर नांदेडही शिकवणीचे केंद्र बनले. मराठवाड्यातील आणि बाहेरील हजारो मुले-मुली येथे खोल्यांत व वसतिगृहांत राहतात, डब्यावर जेवतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून असतात. मैदान नाही, आणि मुलींना सायंकाळनंतर बाहेर फिरण्याची मुभाही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार केला. २०१८ मध्ये राज्य शासनाच्या स्थूलताविरोधी मोहिमेशीही त्यांचे नाव जोडले गेले. अध्यशनाचा, म्हणजे पूर्वीचे अन्न जिरण्याआधी पुन्हा खाण्याचा, आपल्या शास्त्राने केलेला निषेध पाहता या पद्धतीचे मर्म वैद्यांना अपरिचित नाही. प्रकृती, वय आणि अग्नी न पाहता ती सरसकट सर्वांना, विशेषतः वाढीच्या वयातील मुलांना आणि गर्भिणीस, लावता येणार नाही, हा आपला आक्षेपही रास्त आहे.

परंतु या प्रयोगातून घेण्याजोगा धडा वेगळा आहे. वरवर पाहता ही शुद्ध वैयक्तिक निश्चयाची पद्धत. तरीही ती पसरली ती व्याख्यानांतून आणि मोफत चालविलेल्या व्हॉट्सॲप गटांतून, जेथे लोक एकमेकांना आपली प्रगती सांगत. म्हणजे निश्चयालाही सोबत लागली. आणि ज्याचे घड्याळ त्याच्या हाती आहे त्यालाच दोन वेळा ठरवता आल्या. एस.टी.चा वाहक, औद्योगिक वसाहतीतील पाळीचा कामगार, फडावरील ऊसतोड मजूर आणि डब्यावरचा विद्यार्थी यांचे घड्याळ दुसऱ्याच्या हाती असते.

आठ आयतने : कोणाच्या हाती काय

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतने या वादाचा निकाल लावण्यास उपयोगी पडतात, असे मला वाटते. मुखेडच्या त्या मुलाचे ताट मी या आठ कसोट्यांवर तपासले.

१) प्रकृती (द्रव्याचा स्वभाव) : मैदा, बटाटा, साखर. निवड दुकानदाराची.
२) करण (संस्कार) : पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील तळण. हात गाडीवाल्याचा.
३) संयोग : वड्याबरोबर पाव, नूडल्सबरोबर गोड पेय. ठरवणारा बाजार.
४) राशी : काही प्रमाणात मुलाच्या हाती. पण पाकिटाचा आकार कारखान्यात ठरतो.
५) देश : बसून राहण्याचे शहर, फिरण्यास जागा नाही.
६) काल : पूर्णपणे शिकवणी वर्गाच्या वेळापत्रकाच्या हाती.
७) उपयोगसंस्था (जेवणाचे नियम) : उष्ण अन्न, जीर्ण झाल्यावर, शांतपणे. डबा तीन तास थंड होतो आणि पुस्तक समोर ठेवून संपवला जातो.
८) उपयोक्ता : तो मुलगा स्वतः. ओकसात्म्य, म्हणजे सरावाने जडलेली सवय, याच्याच आधीन असते.

आठांपैकी एक आयतन पूर्णपणे त्याचे, एक अर्धे त्याचे. माझी चिठ्ठी मात्र आठही त्याच्याच नावावर लिहून मोकळी झाली होती. येथे कोणी विचारेल की रात्रिजागरण आणि चिंतन ही तर स्थौल्यहर सांगितली आहेत, मग हा मुलगा स्थूल का झाला? उत्तर असे की त्याच्या जागरणाबरोबर मध्यरात्रीचे अध्यशन आणि रविवारचे दिवास्वप्न आले, व्यायाम शून्यावर गेला. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, असे आधुनिक संशोधनही सांगते.

पुढे काय केले, तेही सांगतो. डबा देणाऱ्या बाईंना भेटलो. साडेपाचला डबा देण्यास त्या तयार झाल्या, कारण त्याच गल्लीतील आणखी काही पालकांनी तशीच मागणी केली. आठवड्यातून दोन दिवस भाकरी सुरू केली, ती थंड होऊन कडक झाल्याने मुलांनी टाकून दिली. मग बाईंनीच धपाटे सुचवले. ज्वारीचे धपाटे तीन-चार तास मऊ राहतात आणि मुले आवडीने खातात. सायंकाळी वीस मिनिटांची सुटी वाढवून देण्यास शिकवणीचालक राजी झाले नाहीत. मुलाकडून मी एकच गोष्ट मागितली : रात्री दहानंतर काही खाणार नाही आणि पहाटे अर्धा तास चालेन. एवढे त्याने पाळले. वजन वाढणे थांबले आणि वर्षअखेर चार किलो उतरले. गुग्गुळ तोच होता.

शासन आणि कायदा

समाजाची जबाबदारी म्हणजे केवळ शासनाची नव्हे, पण शासनाला त्यातून सुटका नाही. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त स्निग्ध, साखर व मीठ असलेल्या पदार्थांची विक्री करता येत नाही. जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दर्शविणारे फलक लावण्यास सांगितले. ही पावले योग्य दिशेने आहेत. तथापि आपल्या दोन शहरांतील मुलांचा मोठा वेळ शाळेत नव्हे, तर शिकवणीत जातो, आणि शिकवणीच्या दारातील गाड्यांकडे कोणाचे लक्ष नाही. करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरयुक्त वायुमिश्रित पेये ४० टक्के वस्तू व सेवा कराच्या गटात आहेत, तर बिस्किटे, नमकीन व चॉकलेट ५ टक्क्यांवर आले. एका हाताने आवरावयाचे आणि दुसऱ्याने वाढावयाचे, असा हा प्रकार आहे.

आपले औषधालय

व्यवहारोपजीवींचा उल्लेख चरकाने केला आहे, त्यात आपणही येतो. आपल्या औषध दुकानांच्या काउंटरवर बिस्किटे, गोड शक्तिवर्धक पावडरी आणि चॉकलेट असतात. च्यवनप्राशात आणि अनेक सरबतांत साखरेचे प्रमाण मोठे असते, हे आपण स्थूल वा मधुमेही ग्राहकास सांगतो काय? 'पंधरा दिवसांत चरबी गायब' अशा चूर्णांचे फलक आपण लावतो काय? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थूलता स्पष्टपणे समाविष्ट आहे. तिच्यावरील इलाजाचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. शिवाय वजन घटवणाऱ्या तथाकथित वनौषधींत सिब्यूट्रामिनसारखी द्रव्ये मिसळल्याचे प्रकार जगभर उघडकीस आले आहेत. हृदयास घातक ठरल्याने या द्रव्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. आपल्या शास्त्राच्या नावावर असे काही विकले जाणे हा आपला प्रज्ञापराध ठरेल.

आपणांस करता येण्याजोगे

१) प्रत्येक स्थूल रुग्णाचा आहार-इतिहास आठ आयतनांनुसार घ्यावा आणि प्रत्येकापुढे 'कोणाच्या हाती' असे लिहावे.
२) रुग्णाच्या हाती जे आहे त्यातील एक-दोनच गोष्टी मागाव्यात, पण त्या काटेकोरपणे मागाव्यात. येथे दयेपोटी सूट देऊ नये.
३) कटीचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सें.मी.च्या वर गेल्यास दिसण्यास कृश असलेल्या रुग्णाचीही रक्तशर्करा तपासावी.
४) घरच्या मंडळींना बोलवावे. पथ्य एकट्या रुग्णासाठी वेगळे न शिजवता सर्वांच्या ताटात यावे आणि कामाची वाटणी व्हावी.
५) डबा व खानावळ चालविणाऱ्यांशी परिसरातील वैद्यांनी संवाद ठेवावा. ते ऐकतात, कारण तेही आपले रुग्ण असतात.
६) औषधविक्रेत्यांनी काउंटरवरील गोड खाऊ हटवावा आणि शर्करायुक्त कल्पांविषयी ग्राहकास आवर्जून सांगावे.
७) आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी शिकवणीचालक, नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे जेवणाची सुटी आणि चालण्यास जागा या दोन मागण्या लेखी कराव्यात.

व्यक्तीला दोषमुक्त करणे हा या लेखाचा उद्देश नाही. उपयोक्ता हे आठवे आयतन आहे आणि ते वगळून चिकित्सा होणार नाही. परंतु उरलेली सात आयतने ज्यांच्या हाती आहेत त्यांना काहीच न विचारता केवळ आठव्यास दटावत राहणे ही अपुरी चिकित्सा आहे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपण मानतो. निदान जेथे असेल तेथे वैद्याने गेले पाहिजे, मग ते रुग्णाच्या जिभेवर असो, शिकवणीच्या वेळापत्रकात असो वा आपल्याच दुकानाच्या काउंटरवर असो.